फुकट रिचार्जचा फॉर्म नसतो: घरच्या इंटरनेटचा खर्च सरकारी सोयींनी कमी कसा करायचा

"भाऊ, तो फुकट रिचार्जचा फारम भरून द्या न जी." सेवा केंद्राच्या काउंटरवर हे वाक्य मी आठवड्यातून दोन-तीनदा ऐकतो. कोणाच्या हातात व्हॉट्सॲपवर आलेला फोटो असतो, कोणी यूट्यूबचा व्हिडिओ दाखवतं. एका काकूंनी तर असाच फॉर्म दुसरीकडे शंभर रुपये देऊन भरला होता आणि "पावती कवा येते?" असं विचारायला माझ्याकडे आल्या होत्या.

गरज खरीच आहे. सीसीआयला (सरकारची कापूस खरेदी करणारी संस्था) कापूस विकायचा तर २०२५ पासून कपास किसान ॲपवर नोंदणी, शेतात उभं राहून ई-पीक पाहणी, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, महाडीबीटीवर पोराच्या शिष्यवृत्तीचा अर्ज. प्रत्येक काम नेटवरून. त्यात जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले ते वाढवलेच. सरकारी आधार अजिबात नाही असं नाही, पण लोक तो भलत्या दारात शोधतात आणि मधल्या पायऱ्या उलट्या करतात. म्हणून क्रम लावून लिहितो आहे. घरात दहावी-अकरावीचं लेकरू असेल तर टप्पा ६ आधी वाचा, कारण तिथे मुदत असते. बाकीच्यांनी ओळीने चला.

## टप्पा १: काय मिळतं आणि काय मिळत नाही

गरीब कुटुंबाचं मोबाइल रिचार्ज दर महिन्याला सरकार भरेल, अशी कोणतीही योजना केंद्राचीही नाही आणि महाराष्ट्राचीही नाही. रेशन कार्ड पिवळं असो की केशरी, त्यावर रिचार्ज मिळत नाही.

मग ते व्हिडिओ कुठले? काही अमेरिकेचे असतात. तिथे गरीब घरांना इंटरनेटच्या बिलात महिन्याला ३० डॉलरपर्यंत सूट देणारी योजना होती. निधी संपला आणि १ जून २०२४ ला ती बंद झाली. तिचे जुने व्हिडिओ मराठी आवाज चढवून अजून फिरतात. काही केरळचे असतात. तिथलं राज्य सरकार के-फोन नावाच्या स्वतःच्या जाळ्यातून दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना मोफत जोडणी देतं, पण ती केरळच्या रहिवाशांना. उरलेले निव्वळ खोटे. 'पंतप्रधान मोफत रिचार्ज' छापाचे संदेश खोटे असल्याचं केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाच्या, म्हणजे पीआयबीच्या, फॅक्ट चेक विभागाने वेळोवेळी जाहीर केलं आहे.

आपल्याकडे खात्यात पैसा येत नाही. सरकारी पैशाने गावापर्यंत फायबर येते (भारतनेट, राज्याच्या भागात महानेट). चौकात स्वस्त वाय-फाय लावण्याची परवानगी मिळते (पीएम-वाणी). अकरावी सायन्सच्या ठरावीक विद्यार्थ्यांना टॅब आणि डेटा मिळतो (महाज्योती). आणि रिचार्जबाबत ट्रायचे (दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) काही नियम आहेत, जे दुकानदार आपणहून सांगत नाही. भारतनेट ज्या निधीतून चालतं, त्या डिजिटल भारत निधीत दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित महसुलाचा ५ टक्के वाटा भरतात. हा महसूल आपल्याच रिचार्जमधून येतो, त्यामुळे मागताना ओशाळायचं काही कारण नाही.

सावधान: 'फॉर्म' भरताना आधार क्रमांक आणि लगेच ओटीपी मागितला, की तिथेच थांबा. ओटीपी दिला आणि पैसे गेले तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर त्याच तासात फोन करा, दुसऱ्या दिवशी बँक उघडायची वाट पाहू नका. पैसे गेले नसतील पण संदेश संशयास्पद असेल, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'मध्ये त्याची नोंद करता येते.

## टप्पा २: आधी घरातली गळती मोजा

हा टप्पा सगळे टाळतात, आणि पैसा सगळ्यात आधी इथेच वाचतो. एका वहीच्या पानावर घरातली सगळी सिमं लिहा: नंबर, कोण वापरतं, कोणतं रिचार्ज, किती दिवसांचं, आणि त्यावर नेट खरंच कोण पाहतं.

मग गुणाकार करा. २८ दिवसांचं रिचार्ज वर्षात १२ वेळा नाही, १३ वेळा मारावं लागतं. चार सिमांच्या घरात वर्षाला चार रिचार्ज जास्तीची. ट्रायच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचं आणि किमान एक दर महिन्याला त्याच तारखेला मारता येईल असं रिचार्ज ठेवावंच लागतं. दुकानात नावाने मागा, "महिन्याच्या तारखेचं द्या" म्हणून. आपणहून कोणी पुढे करणार नाही. मात्र आपल्या गरजेएवढ्या डेटाचं ते स्वस्त पडतं का, हे वर्षाच्या हिशेबानेच ठरवा.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला, की फक्त कॉल आणि एसएमएसचं, डेटा नसलेलं किमान एक रिचार्ज प्रत्येक कंपनीने द्यायचं. अशा रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवण्याची मुभाही दिली. घरात साधा बटनांचा फोन वापरणारी आजी असेल, तर तिच्या सिमवर रोज दीड जीबीचं रिचार्ज मारणं म्हणजे विहीर नसलेल्या वावरात मोटरपंप बसवणं. कंपन्यांच्या ॲपमध्ये हे रिचार्ज अगदी तळाशी असतं, खालपर्यंत सरकवून पाहा.

इथे एक गैरसमज आडवा येतो: "आईच्या नंबरला आधार जोडलेला आहे, नेट बंद केलं तर ओटीपी येणार नाही." येतो. ओटीपी एसएमएसने येतो, त्याला डेटा लागत नाही. सिम चालू असलं आणि रेंज असली की झालं. व्हॉट्सॲपवरच कोड पाठवणाऱ्या मोजक्या ॲपची गोष्ट वेगळी, पण आधार, बँक, लाडकी बहीण यांचं काम एसएमएसवर होतं.

तपासा: कॉल-एसएमएसचं रिचार्ज मारल्यावर त्या फोनमधला मोबाइल डेटा बंद केला का? मुख्य बॅलन्स शिल्लक असेल तर नेट त्यातून पैसे खात बसतं.

कंपनी बदलायची असेल तर इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट (PORT), एक मोकळी जागा, मग आपला नंबर असा एसएमएस १९०० वर पाठवा. जो कोड येतो तो ४ दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले नसतील, किंवा गेल्या ७ दिवसांत हरवलेलं-खराब सिम बदलून घेतलं असेल, तर कोड मिळत नाही. आणि कोड मागण्याआधी नव्या कंपनीचं सिम असलेला शेजाऱ्याचा फोन आपल्या घरात आणून पाहा, तोही संध्याकाळी सात ते नऊच्या वेळी. दुपारी बाजेवर बसून दिसलेली रेंज खरी नसते. झरी जामणी, जिवती, धारणी या बाजूला अनेक गावांत एकाच कंपनीचा टॉवर आहे. तिथे स्वस्त रिचार्जच्या नादात नंबर हलवला, तर फोन घेऊन टेकडीवर जायची पाळी येते.

## टप्पा ३: नावावरची सिमं आणि नंबर

संचार साथीवर आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती कनेक्शन आहेत ते दिसतं. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ चालतात. यादीत अनोळखी नंबर दिसला तर तिथेच 'माझा नंबर नाही' असं कळवा. आठवडी बाजारात छत्रीखाली बसून सिम घेतलेल्यांनी हे जरूर करावं. मशीनवर दोनदा अंगठा घेऊन दुसरं सिम काढलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

त्याच बसणीत आधारला कोणता नंबर जोडला आहे तेही पाहा. पुढच्या टप्प्यांत ओटीपी तिकडेच जाणार. तो नंबर बंद पडला असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन बदलून घ्या.

## टप्पा ४: ग्रामपंचायतीतला डबा जिवंत आहे का?

घरी फायबर, शाळेत नेट, चौकातलं वाय-फाय, सगळं या डब्यावर, म्हणजे भारतनेटच्या यंत्रावर अवलंबून. म्हणून कनेक्शनची चौकशी करण्याआधी ग्रामपंचायतीत जा. अनेक ग्रामपंचायतींत भारतनेटची केबल केव्हाच येऊन पडली आहे, पण यंत्र कपाटाच्या मागे धूळ खात असतं आणि गावाला वाटतं आपल्याकडे आलंच नाही.

१. यंत्र कुठे आहे ते विचारा. भिंतीवर लोखंडी पेटी किंवा रॅक, सोबत बॅटरी, कधी छपरावर सोलर पॅनल. ग्रामपंचायतीच्या संगणक ऑपरेटरला माहीत असतं. नसेल तर छपरावरून किंवा खिडकीतून आत आलेली काळी बारीक केबल कुठे जाते ते पाहा.

२. दिवे पाहा. पॉवरचा दिवाच नसेल तर दोष विजेचा: प्लग काढलेला, बॅटरी मेलेली, किंवा बिल थकल्यामुळे ग्रामपंचायतीची लाइन कापलेली. पॉवरचा हिरवा दिवा आहे आणि 'लॉस' नावाचा लाल दिवा पेटतो आहे, तर यंत्र ठीक आहे, केबल वाटेत तुटली आहे. रस्त्याच्या कामाचा जेसीबी किंवा नळाच्या पाइपसाठी खोदलेली नाली, बहुतेक वेळा याच दोघांपैकी एक. 'पॉन'चा दिवा स्थिर हिरवा असेल तर लाइन जिवंत आहे. तरीही नेट चालत नसेल, तर दोष त्यापुढच्या जोडणीत.

३. फोटो घ्या. दिव्यांचा एक, यंत्रावरच्या स्टिकरचा एक. "नेट बंद आहे" अशी तक्रार महिनाभर पडून राहते. "अमुक तारखेपासून लॉसचा लाल दिवा, सोबत फोटो" म्हटलं की समोरच्याला केबलवाला पाठवावाच लागतो.

४. हा भाग कोणाचा, ते ग्रामसेवकांना विचारा (२०२४ पासून पदनाम ग्रामपंचायत अधिकारी, पण लोक ग्रामसेवकच म्हणतात). काही तालुक्यांत काम बीएसएनएलने केलं, काही ठिकाणी राज्याच्या महाआयटीने महानेट म्हणून. तक्रार चुकीच्या दारात दिली की दोन्हीकडून "आमचं नाही" ऐकायला मिळतं. विदर्भातल्या निम्म्या तक्रारी इथेच मरतात असं माझं मत आहे. त्याला आकडा नाही, अनुभव आहे.

सावधान: केबल स्वतः ओढू नका, टेप लावून जोडू नका. आतली काच केसासारखी असते. गावातल्या हौशी इलेक्ट्रिशियनने जोडलेली फायबर पुन्हा नव्याने टाकावी लागते.

### ग्रामसभेत विषय कसा लावायचा

तोंडी मागणी टाळ्यांपुरती असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या नेहमीच्या ग्रामसभांच्या किमान आठ-दहा दिवस आधी लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मजकूर एवढा पुरतो:

"विषय: ग्रामपंचायत कार्यालयातील भारतनेट जोडणी सुरू करणे व सार्वजनिक वाय-फायची सोय करणेबाबत. सदर जोडणी दिनांक ____ पासून बंद असून यंत्रावर ____ दिवा दिसत आहे (फोटो जोडला आहे). तरी (१) जोडणी दुरुस्तीसाठी संबंधित यंत्रणेस पत्र देणे, (२) यंत्राचे वीजबिल व बॅटरीची तरतूद करणे, (३) शाळा, अंगणवाडी व चौक येथे वाय-फाय देण्याचा विषय ग्रामपंचायत विकास आराखड्यात घेणे, हे विषय ग्रामसभेपुढे ठेवावेत."

दुसरा मुद्दा गाळू नका. गावाने पत्रं पाठवून लाइन सुरू करून घ्यायची आणि महिन्याभरात बॅटरी बसली म्हणून पुन्हा अंधार, हे नेहमीचं. ग्रामपंचायतीच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून किंवा स्वनिधीतून तरतूद मागा. ठराव झाला की त्याची सही-शिक्क्याची प्रत घ्या आणि एक प्रत पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांच्या आवक विभागात द्या.

ज्या गावात डबाच नाही, मोबाइलची रेंजही नाही (भामरागड-एटापल्लीकडे असे पाडे आहेत), तिथे ठरावाची भाषा बदला. केंद्राने २०२२ मध्ये रेंज नसलेल्या गावांत बीएसएनएलचे ४जी टॉवर उभारण्याचा कार्यक्रम मंजूर केला. "आमचा पाडा त्या यादीत आहे का, नसल्यास समाविष्ट करावा" असा ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा. महसुली गावात रेंज आणि पाड्यावर शून्य असं असेल, तर पाड्याचं नाव आणि मुख्य गावापासूनचं अंतर स्पष्ट लिहा. नाहीतर कागदावर गाव 'रेंज असलेलं' म्हणून निघून जातं.

## टप्पा ५: घरी फायबर घ्यायची असेल तर

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाचा खर्च १,३९,५७९ कोटी आहे, आणि त्यात गावातल्या घरांना जोडण्या देण्याचं काम स्थानिक उद्योजकांकडे आहे. कागदावर त्यांना 'भारतनेट उद्यमी' म्हणतात. तुमच्याकडे तो बहुधा जुना केबलवालाच असेल.

घ्यायच्या आधी वहीतला टप्पा २ चा आकडा समोर ठेवा. घरात दोनच स्मार्टफोन असतील आणि दोघं दिवसभर वावरात, तर फायबर परवडत नाही. तीन-चार फोन, एखादं शिकणारं लेकरू आणि टीव्ही असेल, तर मोबाइलची रिचार्ज उतरवून फायबर स्वस्त पडू शकते. 'उतरवून' हा शब्द महत्त्वाचा. लोक फायबर घेतात आणि मोबाइलवरचा रोजचा दोन जीबी तसाच ठेवतात, मग खर्च दुप्पट.

पैसे देण्याआधी हे विचारा, आणि उत्तरं वहीत लिहून घ्या:

- सांगितलेल्या दरात १८ टक्के जीएसटी धरला आहे का? मोबाइल रिचार्जच्या छापील किमतीत कर धरलेला असतो, ब्रॉडबँडच्या दरात बरेचदा नसतो. ४०० म्हणून घेतलेलं ४७२ ला पडतं.
- यंत्र विकत, भाड्याने की अनामत ठेवून? अनामत परत कधी मिळते, आणि तिची पावती कोण देतं: कंपनी की उद्योजक?
- खांबापासून घरापर्यंतच्या केबलचे वेगळे पैसे किती?
- ठरलेला डेटा संपल्यावर वेग किती राहतो?
- केबल तुटली तर दुरुस्तीला कोण येतं?

तपासा: बिल कंपनीच्या नावाने येतं का? उद्योजकाच्या फोनवर पैसे टाकून "झालं म्हणून समजा" असं चालू देऊ नका. पुढे तक्रार करताना ग्राहक क्रमांकच नसतो.

भारनियमनाच्या गावात आणखी एक गोष्ट. वीज गेली की राउटर बंद, म्हणजे रात्री अभ्यासाच्या वेळेलाच नेट नाही. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी आपल्या राउटरच्या ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचून तसाच मागा. वादळी पावसात, विजा कडकडायला लागल्या की ॲडॉप्टर प्लगमधून काढून ठेवा.

आणि पासवर्ड अख्ख्या गल्लीला वाटू नका. त्या कनेक्शनवरून कोणी काही उद्योग केला तर विचारपूस आधी तुमच्या दारात येते. गल्लीला नेट द्यायचंच असेल तर त्याची सरळ वाट टप्पा ७ मध्ये आहे.

## टप्पा ६: लेकरू अकरावी सायन्सला असेल तर

घरी डेटा येण्याची खरी सरकारी योजना म्हणाल तर हीच, आणि तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्हणजे महाज्योती, ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना जेईई, नीट, एमएचटी-सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण देते. आतापर्यंतच्या जाहिरातींत निवड झालेल्यांना टॅब आणि रोज ६ जीबी डेटा दिला गेला आहे. गुणांची अट, जागा आणि तारखा दर वर्षीच्या जाहिरातीत येतात, त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या नोटीस बोर्डवरूनच वाचा. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि मराठा विद्यार्थ्यांसाठी बार्टी, टीआरटीआय, सारथी या संस्था आहेत. त्यांच्या योजना वेगळ्या, त्यांची जाहिरात वेगळी पाहायची.

अर्ज भरायला वीस मिनिटं लागतात. फसतं ते कागदांत. कारण एक दाखला दुसऱ्यावर उभा असतो, आणि लोक शेवटचा आधी मागतात.

कागदांचा क्रम:

१. जातीचा दाखला. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो: आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जुनी महसुली नोंद. घरात वडिलांचा किंवा मोठ्या भावाचा दाखला असेल तर काम सोपं होतं. नसेल तर शोध नववीतच सुरू करा.

२. उत्पन्नाचा दाखला. तलाठ्याचा अहवाल (नवं पदनाम ग्राम महसूल अधिकारी), मग तहसील. एका वर्षाचा नका घेऊ, तीन वर्षांचा घ्या. कारण पुढच्या ओळीत.

३. नॉन क्रीमी लेयर. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा पुरावा दोन्ही लागतात. तीन वर्षांचं उत्पन्न जोडलं तर प्रमाणपत्रही तीन वर्षांचं मिळतं. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, आणि अर्ज निघतात त्यानंतर. मार्चमध्ये संपलेलं प्रमाणपत्र जुलैत जोडून बाद झालेले अर्ज मी दर वर्षी पाहतो.

४. अधिवास प्रमाणपत्र. हे बाकीच्यांवर अवलंबून नाही, समांतर काढा.

५. दहावीची गुणपत्रिका, आधार (दोन्ही बाजू), आणि अकरावी सायन्सच्या प्रवेशाची पावती किंवा बोनाफाइड. बोनाफाइडवर 'विज्ञान शाखा' लिहिलेलं असू द्या. नुसतं 'इयत्ता ११ वी' लिहिलेलं परत येतं.

दाखले वेळेत मिळाले नाहीत तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करता येतं. अर्जाच्या पावतीवर मुदत छापलेली असते, म्हणून ती पावती फेकू नका.

अर्ज भरताना नेहमी होणाऱ्या चुका:

नाव. गुणपत्रिकेत आडनाव आधी, आधारवर शेवटी, जातीच्या दाखल्यात वडिलांचं नाव 'राव' लावून. अर्जात नाव गुणपत्रिकेप्रमाणेच टाका. फरक मोठा असेल तर आधी आधार दुरुस्त करा.

मोबाइल नंबर. केंद्रचालकाचा नंबर टाकू देऊ नका. मी स्वतः केंद्र चालवतो म्हणून सांगतो: हंगामात आमच्याकडे शेकडो अर्ज असतात, निवडीचा संदेश कोणाचा आणि आला कधी हे आम्हाला कळतही नाही. घरातला कायम चालू राहणारा नंबर द्या आणि टप्पा २ मध्ये त्याचं रिचार्ज बंद पाडू नका.

फोटो. दाखले मोबाइलने उजेडात, सपाट जागेवर ठेवून काढा. चारही कोपरे दिसले पाहिजेत, बारकोड आणि शिक्का वाचता आला पाहिजे. गोधडीवर ठेवून काढलेला वाकडा फोटो बाद होतो.

तपासा: अर्ज 'सबमिट' केल्यावर क्रमांक आला का? तो क्रमांक, तारीख आणि छापील प्रत घरी ठेवा. 'सेव्ह' करून बाहेर पडलेला अर्ज गेलेला नसतो.

## टप्पा ७: चौकातलं वाय-फाय

पीएम-वाणीला मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी दिली. त्यात किराणा दुकान, पिठाची गिरणी, बचत गट असं कोणीही वाय-फाय लावून छोटी-छोटी कूपनं विकू शकतं. दुकानदाराला परवाना नको, नोंदणी नको, सरकारी फी नको.

वापरणाऱ्यासाठी: पीएम-वाणीचं एखादं ॲप घ्या, मोबाइल नंबर आणि ओटीपीने एकदा ओळख करा, जवळचा हॉटस्पॉट निवडा, कूपन घ्या. ज्या दिवशी जड काम आहे (ॲपचं अपडेट, अर्जाचे फोटो चढवणं, अभ्यासाचे व्हिडिओ उतरवणं) ते इथे उरका आणि घरी लहान रिचार्जवर भागवा. बँकेचं काम मात्र अशा सार्वजनिक वाय-फायवर करू नका, त्यापुरता मोबाइल डेटा सुरू करा.

लावणाऱ्यासाठी: आधी पीएम-वाणीचा एक 'एग्रीगेटर' (अनेक दुकानदारांच्या वाय-फायची ओळख-तपासणी आणि हिशेब सांभाळणारी कंपनी) निवडा, मग ब्रॉडबँड घ्या, शेवटी वाय-फायचं यंत्र. लोक यंत्र आधी विकत घेतात आणि ते एग्रीगेटरच्या प्रणालीत बसत नाही. पूर्वी कंपन्या अशा दुकानदाराकडे महागडी लीज्ड लाइन (एकाच ग्राहकासाठी राखून ठेवलेली जोडणी) घ्यायला लावत, म्हणून कित्येकांनी नाद सोडला. जून २०२५ मध्ये ट्रायने आदेश काढला: २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीएम-वाणीच्या दुकानदारालाही द्यायचे, आणि दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त लावायचा नाही. प्रतिनिधी "तुम्हाला वेगळी लाइन लागेल" म्हणाला तर या आदेशाचं नाव घ्या. बचत गटाने हा व्यवसाय हाती घेण्याआधी टप्पा ४ मधला लाल दिवा विझलेला असावा, एवढं पाहा.

## टप्पा ८: पैसे घेतले, सेवा नाही

प्रथम कंपनीकडे. मोबाइलवरून १९८ लावा, तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. क्रमांकाशिवाय पुढची एकही पायरी चढता येत नाही. उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत आलंच नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करा. त्याला फी नाही, आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. त्यानंतरही अडलं तर केंद्राच्या तक्रार निवारण पोर्टलवर दूरसंचार विभाग निवडून अर्ज टाका.

थेट ट्रायला पत्र लिहू नका. ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. ते पत्र पुन्हा कंपनीकडेच जातं आणि तोवर अपिलाचे ३० दिवस सरतात. तक्रार क्रमांक आणि अपिलाची शेवटची तारीख, दोन्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या चौकोनात लिहून ठेवा. वहीचं पान सापडत नाही, कॅलेंडर रोज दिसतं.